खोडता न येणारं नाव

द्वारका, नवी दिल्ली
२७ जानेवारी २०२५

आदरणीय पद्माकर रिसबूड सर,
सप्रेम नमस्कार.

मी क्रांती रामटेके. गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करते. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि त्यात पेशंटांची नावं क्रमाने लावायचं काम तुमचा ‘अकारविल्हे’ हा प्रोग्रॅम करतो. तो तुम्ही सगळ्या जगाला फुकट दिलाय, त्याबद्दल आधी थँक्यू. खरं सांगायचं तर ‘अकारविल्हे’ म्हणजे काय हे मला नागपूरला आजीला फोन करून विचारावं लागलं. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी हे असंच, सर, सॉरी.

आता कामाचं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढली की तुम्ही मेलच्या खात्यातून ओळख पटवून तिच्यावर डिजिटल सही करता, आणि ती सही इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक नोंदवहीत चढते. ती वही कोणीही पाहू शकतं. एकदा चढलेली नोंद कोणालाच खोडता येत नाही, सही करणाऱ्यालासुद्धा नाही. रोज सकाळी ती वही तपासणं ही माझी ड्यूटी. वही शाबूत आहे का, आम्ही वापरतो त्या प्रोग्रॅमांवर कोणाच्या सह्या पडल्या, त्या खऱ्या माणसांच्या आहेत का, असं सगळं.

तुमच्या पानावर पाटी आहे: ‘दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे १५ जानेवारीपासून तीन महिने काम बंद.’ आणि २२ जानेवारीला वहीत तुमच्या नावाची सही! मी घाबरलेच. तुमच्या मेलच्या खात्यात कोणी चोर शिरला असेल तर तो हॉस्पिटलांपर्यंत पोचेल. मेलला तुमचं उत्तर नाही, म्हणून पानावरच्या पत्त्यावर लिहितेय. ती सही तुमचीच आहे का, एवढंच कळवा. ३१ मार्चपर्यंत खात्री झाली नाही, तर आमचे साहेब अनुराग मल्होत्रा ‘अकारविल्हे’ काढून दुसरं काहीतरी बसवतील. मला ते बिल्कुल नकोय.

आपली नम्र,
क्रांती रामटेके

---

वैशाली, गाझियाबाद
१ फेब्रुवारी २०२५

कु. क्रांती रामटेके यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर हिचं, म्हणजे माझ्या पत्नीचं, वीणाचं आहे. मजकूर माझा आहे. डोळ्यांना पट्ट्या आहेत. मी सांगतो, ती लिहिते, खाली मी अंदाजाने सही ठोकतो.

सही माझीच आहे. संपला विषय.

आता तुम्ही कोण, ते सांगा. एखाद्या थकल्याभागल्या प्रोग्रॅमवाल्याशी गोडगोड बोलून ओळख वाढवायची आणि एक दिवस त्याच्या प्रोग्रॅमात विष कालवायचं, असले उद्योग जगात चालतात हे मला ठाऊक आहे. म्हातारा झालो, म्हणून बावळट झालो नाही. (थोडे झालेत. — वी.) अनोळखी मेलना मी उत्तर देत नाही, फोनवर तर बँकेशीही बोलत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच येतात, ‘सर, तुमच्याकडे चोर शिरला का?’ म्हणत.

म्हणून परीक्षा. पुढील नावं अकारविल्हे लावून पाठवा: ज्ञानदा, हरिदास, क्रांती, क्षमा, जयदीप, काशीनाथ. घरी कोणाला विचारू नये. उत्तर पोस्टानेच यावं. दुपारी दोन ते चार पोस्टमन आला तरी मी उठत नाही, दारात यमराज आला तरी ही त्याला चारनंतर ये म्हणून सांगते, तेव्हा घाई करू नये.

पद्माकर रिसबूड

(मुली, घाबरू नकोस. ह्यांनी आमच्या जावयालाही पहिल्या भेटीत पाढे विचारले होते. — वी.)

---

द्वारका
५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

परीक्षेचं उत्तर: काशीनाथ, क्रांती, जयदीप, हरिदास, क्षमा, ज्ञानदा.

कोणाला विचारलं नाही. मी पहाडगंजच्या मराठी शाळेतली. ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असा शेवट आम्ही वर्गात बाकं वाजवत म्हणायचो. बाबांची सरकारी नोकरी, ते भंडाऱ्याहून इथे आले, आणि पोरीला मराठी यायलाच पाहिजे म्हणून रोज बसने एवढ्या लांब धाडायचे. मला तेव्हा राग यायचा. आज पहिल्यांदा वाटलं, चलो, कामाला आलं!

आता माझी शंका, रागावू नका. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या असताना स्क्रीनवर सही कशी केली? नवी आवृत्ती मी पाहिली. ‘ऋ’पासून सुरू होणारी नावं यादीच्या तळाला जात होती, ते तुम्ही दुरुस्त केलंय. काम इतकं सफाईदार आहे की आमचा प्रतीक, जो कोणाचंही कौतुक करत नाही, तो म्हणाला, “यार, ये तो कविता है.” पट्ट्या बांधून एवढं?

आणि एक. आपण एकाच मेट्रोच्या निळ्या लाइनीच्या दोन टोकांना राहतो, एका सीटवर बसून मी तुमच्या दारात येऊ शकते. तरी पोस्टाने लिहितोय, याची ऑफिसात भयंकर मजा उडवतात.

क्रांती

---

वैशाली
१० फेब्रुवारी २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेत पास. ‘क्ष’ला ‘क’च्या घरात न कोंबल्याबद्दल विशेष अभिनंदन. बाबांना माझा नमस्कार सांग. आजपासून तुला ‘तुम्ही’ म्हणणं बंद.

पट्ट्यांचं म्हणशील तर बोटांना सवय असते. पेटीवाला पट्ट्यांकडे बघून वाजवतो का? तसंच. (ह्यांना काल आमटीतला वाटाणा बोटांनी सापडला नाही. — वी.) वीणा, मी सांगेन तेवढंच लिही. (लिहितेय की. — वी.)

प्रोग्रॅम मी अठरा वर्षांपूर्वी सुरू केला, निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी. आपल्या नावांना संगणकात कोणी वाली नव्हता. एका दवाखान्यात माझ्याच आईचं नाव यादीत सापडेना, म्हणून रागाच्या भरात एका रविवारी बसलो, तो अजून उठलेलो नाही. तुझ्या मल्होत्रासाहेबांना म्हणावं, दुसरं काय बसवायचं ते खुशाल बसवा. पण माणसाला त्याचं नाव हुडकायला लावू नका. पद्माकर रिसबूडने एकदा दिलेला शब्द आयुष्यात चुकवलेला नाही. सही माझी म्हणजे माझी.

(एक चुकवलाय. १९७९ साली, लग्नाच्या पंगतीत. मी ह्यांचं नाव उखाण्यात घेतलं, चांगलं चार ओळींचं. मग सगळे ह्यांच्या मागे लागले, आता तुम्ही घ्या. तर म्हणाले, “जिलबी छान झालीय. नाव संध्याकाळी घेतो.” ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. — वी.)

हे तिने काय लिहिलं ते मला वाचून दाखवलेलं नाही, पण ती हसतेय, म्हणजे काहीतरी भलतंच असणार.

तुझा,
पद्माकरकाका

---

द्वारका
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

जिलबीचा किस्सा आईला वाचून दाखवला, ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. (काका, काय किस्सा ते काकूंना विचारा.)

पण आता मला एक दिसलंय. वहीत प्रत्येक सहीपुढे तारीख आणि वेळ असते. २२ जानेवारीची सही दुपारी तीनच्या सुमाराची आहे. तुम्हीच लिहिलंत, दोन ते चार यमराजसुद्धा बाहेर थांबतो. म्हणून मी मागे मागे गेले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्या सह्या पहाटेच्या, रात्रीच्या, कधीच्याही. त्यानंतरची प्रत्येक सही दोन ते चारच्या मधली.

काका, तुम्ही झोपलेले असताना तुमच्या नावाने कोण सही करतं?

मी हे अजून ऑफिसात बोलले नाही. बोलले तर अनुराग सर त्याच मिनिटाला ‘अकारविल्हे’ काढतील, आणि त्यांचं चूक नाही. सहीवरचा माणूस आणि सही करणारा माणूस एकच असेल, यावर तर सगळा भरोसा चालतो. मी खोटं लिहून देणार नाही, आणि हा प्रोग्रॅम जावा असंही मला वाटत नाही. मधल्यामध्ये माझं सँडविच झालंय. प्लीज, जे असेल ते खरं सांगा.

तुमची,
क्रांती

---

वैशाली
२० फेब्रुवारी २०२५

चि. क्रांती,
सप्रेम जयभीम.

आज मजकूरही माझा आणि अक्षरही माझं. हे आत झोपलेत. घड्याळात अडीच वाजलेत, म्हणजे तुझ्या हिशेबाने माझी चोरीची वेळ.

होय बाई, मीच ती. आण पोलीस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि तुझी वही तर कोंबडं झाकूच देत नाही!

मी संख्याशास्त्राची. सरकारी कार्यालयात आकडेमोडीत माझी हयात गेली. ह्यांना दोन वर्षांपूर्वी दिसेनासं व्हायला लागलं, तेव्हा मी कीबोर्डवर बसले. हे कोचावर पडून सांगायचे, मी टाइप करायची. पुढे सांगता सांगता ह्यांचा डोळा लागायचा आणि मी तशीच पुढे जायची. मग मला ह्यांच्या चुका दिसायला लागल्या. मग ह्यांनी न सांगितलेलंही सुचायला लागलं. आता हे उठले की मी चहाबरोबर काय काय केलं ते सांगते आणि हे म्हणतात, “अगदी हेच माझ्या मनात होतं.” थापा!

जानेवारीत एका हॉस्पिटलातून निरोप आला की ऋतुजा नावाची बाळंतीण यादीत सापडत नाही, नर्स शोधून थकल्या. ह्यांच्या डोळ्यांना टाके, आणि तिकडे ती पोर बाळ घेऊन बसलेली. पाटी गेली खड्ड्यात म्हटलं, केली दुरुस्ती, केली सही.

सही ह्यांच्या नावाने का? अगं, बँकेचा लॉकर दोघांचा, गॅसचं कार्ड ह्यांच्या नावाचं, सिलिंडर मी घेते. मेलचं खातंही एकच. आमच्यात तुझं-माझं कधी केलंच नाही. त्यात चूक असते हे तुझं पत्र येईपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. हे मात्र हट्टाने ‘सही माझीच’ म्हणत बसले, कारण ह्यांना वाटतं, खरं कळलं तर प्रोग्रॅम काढून टाकतील आणि माझी दोन वर्षांची मेहनत फुकट जाईल. आणि मी गप्प बसले, कारण मला वाटायचं, नाव काढलं तर ह्यांना वाटेल आपलं संपलं.

आता सांग, काय करायचं? अठरा वर्षांचं मूल आहे ते आमचं. ते मल्होत्रासाहेबांच्या हातून जाऊ देऊ नकोस.

तुझी,
वीणाकाकू

---

द्वारका
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकू,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी मेट्रोत वाचलं आणि राजीव चौकला उतरायचं विसरले! ‘ये तो कविता है’ ते तुम्ही होतात! प्रतीकला सांगितलं, तो दहा मिनिटं नुसता “नहीं यार, नहीं यार” करत होता.

अनुराग सरांना मी सगळं खरं सांगितलं. आधी ते भडकले. मग त्यांनी मागची दोन वर्षं पूर्ण तपासून घेतली, ओळ अन् ओळ, आणि कुठेही खोट निघाली नाही. आता त्यांचं एकच म्हणणं आहे. काकांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, एक शेवटची सही करायची. त्या सहीसोबत थोडा मजकूर जोडता येतो, त्यात लिहायचं की यापुढे सही वीणा रिसबूड यांची. मग तुम्ही स्वतःचं खातं काढून स्वतःच्या नावाने सही करायची. बस. पण मुदत तीच, ३१ मार्च, आणि काकांची सही तुम्ही केलेली चालणार नाही!

काकांना सांगा, त्यांचं काहीही संपत नाही. जुन्या नोंदींवरचं त्यांचं नाव कोणाचा बापही खोडू शकत नाही.

तुमची,
क्रांती

---

द्वारका
१७ मार्च २०२५

प्रिय काकू आणि काका,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. होळीला वाटलं, येईल. नाही आलं. रोज सकाळी वही उघडते. वही ठणठणीत आहे, तुमचं नाव नाही.

काका रागावले का? मी त्या वेळांचं खोदून काढलं ते त्यांना लागलं का? मी मुद्दाम नाही केलं हो, माझं कामच ते आहे. अनुराग सरांनी दुसरा प्रोग्रॅम आणून ठेवलाय. काल लावून पाहिला तर त्याने ‘ज्ञानदा’ला ‘जयदीप’च्या शेजारी नेऊन बसवलं. मला रडायलाच आलं.

दोन ओळी तरी पाठवा. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा.

क्रांती

---

वैशाली
२१ मार्च २०२५

चि. क्रांती,

मलाही काही कळत नाही गं. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, त्या दिवसापासून गप्प आहेत. उत्तर काय लिहू म्हटलं की “थांब.” रागावलात का म्हटलं की “छे.” आणि दिवसभर काहीतरी पुटपुटत असतात, बोटांवर मोजतात, मी जवळ गेले की बंद. पट्ट्या निघाल्यात, पण डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायची परवानगी दिलेली नाही, ती पुढच्या आठवड्यात. मी सही करू का म्हटलं तर अंगावरच आले, “माझ्या नावाला हात लावायचा नाही!” पंचेचाळीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. वाईट वाटलं मला.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं काम केलंस.

वीणाकाकू

---

द्वारका
२८ मार्च २०२५

काकू!!!

हे पत्र काकांना वाचून दाखवू नका, आधी एकट्याने वाचा. फोन करणार होते, मग म्हटलं नको, हे कागदावरच पोचलं पाहिजे. नंतर कपाटात जपून ठेवायला लागेल.

आज सकाळी वही उघडली. काकांची सही! पहाटे साडेपाचची, त्यांची जुनी वेळ. टाइप करताना केवढे अडखळले असतील, कारण त्याआधी चार वेळा प्रयत्न फसलाय तेही दिसतंय. पण सही पक्की आहे, खरी आहे, मी तीनदा तपासली. सोबत जोडलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून देतेय:

“अक्षर तिचं, सही माझी, अशी काढली वर्षं,
वीणाचं नाव घेतो आज, मनी मावेना हर्ष.
यापुढे ‘अकारविल्हे’वर सही वीणा रिसबूड यांची. जिलबी छान होती.”

काकू, हे आता त्या वहीत आहे. जपानमधला माणूस पाहू शकतो, ब्राझीलमधला पाहू शकतो. कोणी खोडू शकत नाही, काका स्वतः लाजून खोडतो म्हणाले तरी नाही. अनुराग सरांना मी अर्थ सांगितला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “अंकल ने तो पूरी दुनिया के सामने बोल दिया.” आणि मग घरी बायकोला फोन लावून बाहेर गेले. ‘अकारविल्हे’ राहतंय! तुमची सही तेवढी बाकी, तिला आता मुदत नाही.

मी ऑफिसात सगळ्यांना जिलबी दिली.

तुमची,
क्रांती

---

वैशाली
२ एप्रिल २०२५

चि. क्रांती,
सप्रेम जयभीम.

तू लिहिलंस एकट्याने वाच, पण सवय वाईट. पाकीट फोडलं आणि दोन वर्षांच्या सवयीने ह्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला लागले. उखाण्यापाशी आले आणि पत्र खाली ठेवलं. वर पाहिलं तर हे नव्या चष्म्यातून छताकडे बघत होते आणि कान लालबुंद. या वयात! मी म्हटलं, “अहो, त्या पोरीला तरी कळवायचं होतंत!” तर म्हणाले, “कळवणार कोणाकडून? माझी पत्रं लिहितं कोण?” खरंच की गं. ज्या गुपिताचं पत्र लिहायचं, ते मलाच सांगून लिहून घ्यावं लागलं असतं. म्हणून महिनाभर तोंड शिवून बसले आणि डॉक्टरांची परवानगी मिळाल्याच्या दुसऱ्या पहाटे, मी दूध आणायला खाली गेले तेवढ्यात, उरकून मोकळे झाले. आणि मी वेडी त्यांच्यावर रुसून बसले होते.

नंतर मी रडले, हे सांगायला लाज कसली. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव वर असतं, ऑफिसातल्या अहवालांवर साहेबांचं. मला कधी त्याचं काही वाटलं नाही, असं मी समजत होते. वाटत होतं, एवढंच आता कळलं.

काल मी माझं खातं काढलं. दुपारी नाही, सकाळी दहा वाजता, हे शेजारी खुर्ची टाकून बसले असताना. पहिली सही माझ्या नावाने केली. जोडायचा मजकूर काय लिहिला ते सांगत नाही. तुझी ड्यूटी आहे ना, वही उघड आणि बघ. चार ओळींचं आहे, १९७९चंच. ह्यांचं नाव परत एकदा घेतलं.

रविवारी आई-बाबांना घेऊन जेवायला या. निळी लाइन, शेवटचं स्टेशन. तुझ्या प्रतीकला आण, त्या मल्होत्रासाहेबांना आण, त्यांच्या बायकोलाही. पंगत मांडतेय. जेवायच्या आधी प्रत्येकाने नाव घ्यायचं. साहेबांना हिंदीत चालेल.

तुझी,
वीणाकाकू

(हे तिने सांगितलेलं नाही, मी लिहितोय, माझ्या हाताने, म्हणून अक्षर चळलंय. तिच्या सहीची नोंद तपासून लगेच कळव, पोरी. ती कालपासून दर तासाला मला विचारतेय, माझं नाव अजून आहे ना तिथे? — प.)